हात बांधून ठेवू नका

मागच्या वेळी आपण स्तनातली गाठ कशी तपासायची ते बोललो. आज त्याच्या पुढचं. गाठ कॅन्सरची निघाली, ऑपरेशन झालं, बाई घरी आली. आता घरात काय करायचं?

नागपूरहून किंवा सेवाग्रामहून बाई टाके आणि नळी घेऊन गावी येते. दवाखान्यात सगळं सांगितलेलं असतं. पण तेव्हा तिच्या डोक्यात एकच असतं, मी जगते की नाही. एटापल्लीची गाडी लागेपर्यंत निम्मं विसरून जातं.

आधी माझी चूक सांगते. मी नर्स आहे. काही वर्षांपूर्वी अहेरीकडच्या एका बाईला सुटी देताना मी म्हटलं, "हाताला आराम द्या बरं." घरच्यांनी माझा शब्द पाळला. सासूनं जुन्या लुगड्याची पट्टी काढून तिचा हात छातीशी बांधला. दोन महिने! पाण्याचा गुंड तर सोडाच, तिला वेणीसुद्धा घालू दिली नाही. सगळं मायेनं. पुढं रेडिएशनला, म्हणजे लोक ज्याला शेक म्हणतात त्याला, बोलावलं तर हात खांद्याच्या वर जाईना. त्या मशीनखाली हात डोक्यावर नेऊन निजावं लागतं. हात जात नाही तोवर शेक नीट देता येत नाही. तिचा उपचार लांबला, आणि कॅन्सर काही आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून नीट ऐका. आराम म्हणजे वजन उचलायचं नाही. मोळी, गुंड, कडेवर लेकरू, हे महिना-दीड महिना बंद. पण हात हलवायचा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडायची, मिटायची, कोपर वाकवायचं, घास त्याच हातानं खायचा. नळी आहे तोवर हात खांद्याच्या उंचीपर्यंतच. नळी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. ताण जाणवेल, तेवढा चालतो. कळ आली तर थांबायचं. ज्यांचा स्तन नव्यानं बनवला आहे किंवा आत सिलिकॉन बसवलं आहे, त्यांनी मात्र हात कधी वर न्यायचा ते आपल्याच डॉक्टरांना विचारावं. तिथले नियम वेगळे.

आता नळी. तिची पिशवी जखमेच्या खाली राहिली पाहिजे. कापडी थैलीत घालून कमरेला अडकवा. रोज एकाच वेळी, साबणानं हात धुऊन, पाणी मापात ओता आणि लेकीला वहीत लिहायला सांगा. पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातं. साधारण दिवसाला 30 मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. घरी कुणी ओढायची नाही. नंतर कधी जखमेखाली पाणी साचून फुगवटा येतो. घाबरू नका, डॉक्टर सुईनं काढतात. पण ताप, लाली, वास येणारा पू, किंवा एकाएकी फुगलेली जखम दिसली तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी जा. पावसाळ्यात पुरानं रस्ते तुटतात, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पथ्याचं म्हणाल तर, वरण खाल्लं की पू होतो, अंड्यानं जखम चिघळते, हे मी प्रत्येक गावात ऐकते. अगदी उलटं आहे. जखम भरते ती वरण, अंडी, मासोळी, चण्यानं. लाल चहा आणि भातावर ठेवलेली बाई कशी उभी राहील?

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात जन्मभर जपायचा, कारण तो सुजू शकतो. तेंदूपत्ता तोडताना, रोवण्यात, सरपण आणताना पूर्ण बाहीचा सदरा घाला. काटा रुतला तर लगेच साबणानं धुवा. त्या हातात घट्ट बांगड्या नकोत. सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हातात.

आणखी एक. डॉ. राणी बंग यांनी आपल्याच गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायांची तपासणी केली होती. 1989 साली ते छापून आलं. 92 टक्के बायांना स्त्रीरोग निघाले, आणि त्यापूर्वी बहुतेकींना कुणी तपासलंच नव्हतं. त्या बोललेल्या नव्हत्या. ऑपरेशननंतरही तेच होतं. जखम नवऱ्यालाही दाखवत नाहीत, स्वतःही बघत नाहीत. भाऊ, तुम्ही ऐकत असाल तर पट्टी बदलताना जवळ बसा. चोळीत आधी नुसता मऊ कापूस भरा; जखम पूर्ण भरली की शिवलेल्या पिशवीत कापसासोबत थोडी मोहरी घाला, वजन सारखं होतं आणि पाठ दुखत नाही.

पैशासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. त्यात ऑपरेशन, केमो, शेक येतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, आणि ऑपरेशनचा रिपोर्ट सांभाळा. पुढचा उपचार त्यावरूनच ठरतो.

त्या अहेरीकडच्या बाईच्या घरी मी नंतर गेले, माफी मागितली. सासूनंच भिंतीवर कोळशानं रेघ ओढली, जिथपर्यंत बोटं पोचली तिथं. रोज सकाळी एक रेघ. दीड महिन्यानं रेघा आड्याजवळ पोचल्या आणि आम्ही तिला नागपूरला घेऊन गेलो. पोळ्याला घर सारवलं तेव्हा सासूनं तेवढी भिंत तशीच ठेवली.