बर्फावरचा हिशेब

(गणेशोत्सवात चारबाग येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



रेल्वेतल्या डिप्लोमा इंजिनियरने हिमनदीवर काय बोलावे, असे तुम्हाला वाटेल. पण माझी मुलगी बी.एस्सी.ला भूशास्त्र शिकते. "बाबा, सुट्टीत हिमनदीवरच्या शिबिराला जाऊ का?" असे तिने विचारले आणि मी ताडकन नाही म्हणालो. वाद न घालता तिने अशा शिबिरांची माहिती माझ्यापुढे ठेवली.

अलास्कातील जुनो हिमक्षेत्रावर १९४६ पासून मोजमाप चालू आहे. मेनार्ड मिलर यांनी हे काम उभे केले. तेथे उन्हाळ्यात कॉलेजची मुले-मुली दोरांनी एकमेकांना बांधून, स्कीवरून, कॅनडातील अ‍ॅटलिनपर्यंत जातात. वाटेत खड्डे खणून हिमाच्या थराची जाडी आणि घनता मोजतात. दोन्हींच्या गुणाकारातून त्यात पाणी किती, ते कळते. ही झाली जमा. खालच्या अंगाला बर्फात काठ्या रोवतात. काठी जितकी उघडी पडेल तितका बर्फ वितळला. हा झाला खर्च.

तिथली ताकू हिमनदी, इतर हिमनद्या आटत असताना, पुढे सरकत होती. पण १९८९ नंतर तिचा खर्च जमेपेक्षा वाढल्याचे या हिशेबात दिसू लागले. पुढे २०१८ च्या सुमारास तिचे टोकही मागे हटू लागले. नुसत्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते वहीत आधी दिसले.

आपल्याकडे लाहौलमधील छोटा शिग्री या सुमारे ९ किलोमीटर लांबीच्या हिमनदीवर १९८६ पासून अनेक संस्थांच्या मोहिमा झाल्या. २००२ पासून तिथे दरवर्षीचा जमाखर्च मांडला जाऊ लागला. हे लखनौपासून दूरचे वाटते. आपली गोमती हिमनदीतून येत नाही, हेही खरे. पण गोमतीनगरच्या कठौता तलावात कालव्याने येणारे शारदेचे पाणी हिमालयातलेच.

हे वाचताना मला पॉलिटेक्निकचा सर्व्हे कॅम्प आठवला. लेव्हल जुळेना, तेव्हा सरांनी भर उन्हात पुन्हा पहिल्या बेंचमार्कपासून सुरुवात करायला लावली. वर्गात वर्षभर जे डोक्यात शिरले नाही, ते त्या दिवशी शिरले. मग मुलीला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? सोबत कोण, दोर-बूट कसले, डॉक्टर आहे का, एवढे विचारले आणि होकार दिला.

मंडळाला एकच विनंती. गुणवंतांना आपण दरवर्षी शाल-श्रीफळ देतो. एखाद्या वर्षी एका मुलाला वा मुलीला अशा शिबिराचे गाडीभाडे देऊ या. श्रीगणेश विद्येची देवता आहे आणि हिमालयकन्या पार्वतीचा पुत्रही. आजोळची खबर घ्यायला आपली मुले निघाली, तर त्याला आनंदच होईल.

गणपती बाप्पा मोरया!