यंत्राला घरात कुठवर येऊ द्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी बाहेरच्या कोणा विदुषी बाईंचे भाषण होते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा हे व्याख्यान नव्हे. हळदीकुंकवाला बसल्यावर आपण बोलतो, तसे मी बोलणार आहे. विषय मात्र आपल्या सर्वांच्या घरातला आहे. हल्ली बघणारी आणि ऐकणारी यंत्रे घरोघरी आली आहेत. त्यांना घरात कुठवर येऊ द्यावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी त्यांचे गुण सांगते, कारण ते खोटे नाहीत. ज्यांची मुले पुण्यामुंबईस किंवा परदेशी आहेत, त्यांना दारावरचा कॅमेरा म्हणजे मोठा आधार. दाराची घंटा वाजली तर गॅसवरची कढई न उतरवता बाहेर कोण आहे ते मोबाईलवर दिसते. अलेक्सासारखा बोलका डबा असला तर नजर अधू झालेल्या माणसाला नुसते तोंडाने सांगून अभंग ऐकता येतात. कणकेचे हात असताना ‘वीस मिनिटांनी आठवण कर’ म्हटले की तो आठवण करतो. संसार करणाऱ्या बाईला सोयीची किंमत कोणी शिकवायला नको.

पण ही यंत्रे मिक्सरसारखी नव्हेत. मिक्सर आपल्या ओट्यावर चटणी वाटतो आणि गप्प बसतो. बोलका डबा मात्र आपल्या नावाची हाक ऐकण्यासाठी सतत कान देऊन असतो. हाक ऐकली की पुढचे आपले बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या यंत्राकडे जाते आणि तिथून उत्तर येते. कधी न मारलेली हाकही त्याला ऐकू येते. यंत्र सुधारण्यासाठी अशा बोलण्यातला थोडा भाग आमची माणसे ऐकतात, हे २०१९ साली मोठमोठ्या कंपन्यांनी मान्य केले. भिंतीला कान असतात असे आपल्या आज्या सांगत. आपण ते कान दुकानातून विकत आणतो.

कॅमेऱ्याचेही तसेच. तुम्हाला मोबाईलवर जे कुठूनही दिसते, ते तुमचा परवलीचा शब्द कळलेल्या दुसऱ्यालाही कुठूनही दिसते. २०२५ च्या फेब्रुवारीत गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील प्रकार उघडकीस आला. बायकांच्या तपासणीची चित्रे लांबूनच चोरून इंटरनेटवर विक्रीला मांडली होती. कॅमेरा दवाखान्यानेच लावलेला होता. पोलिसांनी ज्यांना पकडले, त्यांत एक तरुण लातूरचा आणि एक आपल्या शेजारच्या सांगलीचा होता.

चोर नेहमी बाहेरचाच असतो असेही नाही. रिंग नावाच्या कॅमेरे विकणाऱ्या कंपनीवर २०२३ साली अमेरिकेच्या सरकारी आयोगाने कारवाई केली. कंपनीचाच एक नोकर गिऱ्हाईक बायकांच्या निजायच्या खोलीतली आणि न्हाणीघरातली चित्रे कित्येक महिने पाहत होता, असे आयोगाने म्हटले. कंपनीला ५८ लाख डॉलर भरावे लागले. पण पाहिलेले काही न पाहिलेले होत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. या यंत्रात सोय एकाची होते आणि उघडे पडते दुसरेच कोणी. कॅमेरा मुलगा आणतो, मोबाईलवर नवरा बघतो; आणि दिवसभर त्याच्यापुढे वावरतात त्या सासूबाई, सून, भांडी घासायला येणाऱ्या मावशी. आपल्यापैकी किती जणींना आपल्याच घरातल्या कॅमेऱ्याचा परवलीचा शब्द ठाऊक आहे?

आमच्या घरी हा प्रश्न आला होता. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. मागच्या पावसाळ्यात त्या परसात घसरल्या. थोरला पुण्याहून म्हणाला, “आजीच्या खोलीत कॅमेरा लावू. मी ऑफिसातून लक्ष ठेवीन.” त्याच्या मनात मायाच होती. आमच्या ह्यांनाही ते पटले. मी म्हटले, आधी त्यांना तर विचारा. सासूबाई म्हणाल्या, “बाळा, पडले तर उचलायला ये. पण मी नेसते, कण्हते, देवाशी चार गोष्टी बोलते, ते रोज बघत बसू नको.”

मग आम्ही असे केले. कॅमेरा सोप्यावर, दाराकडे तोंड करून. सासूबाईंच्या उशाशी एक आणि न्हाणीघरात एक, अशा घंटेच्या दोन कळा बसवल्या. आणि नातवाने रोज संध्याकाळी आजीला फोन करायचा. घंटेपर्यंत हात पोहोचण्याआधीच त्या पडल्या तर, ही धास्ती मला आजही आहे. ती आम्ही जाणून पत्करली, कारण खोली त्यांची आणि अंगही त्यांचे.

कोणी म्हणेल, घर आपले, कॅमेरा कुठेही लावू. कायदा तसे म्हणत नाही. कोलकात्यात दोन भावांच्या एकत्र राहत्या घरात एकाने आतल्या बाजूला कॅमेरे लावले. दुसऱ्याची संमती नव्हती. २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ते चालवू नयेत असे सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल बदलला नाही. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले होते की, खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या अर्जावर हा निकाल झाला, ते कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा ९१ वर्षांचे होते. म्हाताऱ्या माणसाला कसला आलाय आडपडदा, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२०२३ साली संसदेने माणसांच्या माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. कंपन्यांवरची त्याची बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कोणी निव्वळ घरगुती कामासाठी माहिती ठेवली, तर तिथे तो कायदा येत नाही. म्हणजे घरातली शिस्त घरानेच लावायची.

ती शिस्त आपल्या जुन्या घरांना ठाऊक होती. परका माणूस सोप्यावर बसे. नात्यातला माजघरात येई. चुलीपर्यंत अगदी घरचेच. आता वाडे जाऊन फ्लॅट झाले आणि सोप्याचा हॉल झाला, तरी रीत तीच ठेवता येईल. जिथे परक्या पुरुषाला बसवाल, तिथवरच बघणारे-ऐकणारे यंत्र येऊ द्यावे. निजायची खोली, न्हाणीघर, कपडे बदलायची जागा, इथे त्याचे काम नाही.

दुसरे, यंत्रापुढे जी जी माणसे येणार, त्या सर्वांना आधी विचारावे. भांडीवाल्या मावशींनाही सांगावे. शेजाऱ्यांच्या परसाकडे किंवा खिडकीकडे कॅमेऱ्याचे तोंड नसावे. तिसरे, कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. मुलाचे नाव किंवा १२३४ ठेवू नये. नवा शब्द घरातल्या बाईलाही माहीत असावा. चौथे, बोलक्या डब्याचा माइक बंद करायची कळ असते, ती शिकून घ्यावी. घरात दुखण्याची, पैशाची किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असतील, तेव्हा डब्याची पिन काढून ठेवावी. जुने यंत्र विकताना त्यातले साठवलेले सारे पुसून टाकावे.

यंत्र फेकून द्या असे मी म्हणत नाही. आमचा दारावरचा कॅमेरा आजही चालू आहे आणि उपयोगाचा आहे. पाहुण्याला आपण पाट देतो, पाणी देतो. कपाटाच्या किल्ल्या देत नाही. यंत्रालाही तोच न्याय.

शेवटी मंडळाला एक विनंती. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने आपला मोबाईल आणावा. ज्या मुलींना त्यातले कळते, त्यांनी शेजारी बसून परवलीचे शब्द बदलायला शिकवावे. शब्द मात्र ज्याचा त्याने मनातच ठेवावा! भिशीच्या आधी अर्धा तास पुरेल.