दोरा लागला नाही तर

तांबी आता आपल्या भागात नवी राहिलेली नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांपासून बेळगावात नोकरी करणाऱ्या मुलींपर्यंत अनेकींनी ती बसवली आहे. चांगलं साधन आहे. ३८० ए प्रकारची तांबी १० वर्षं चालते. मला बोलायचं आहे ते दोनच शब्दांविषयी : “पडली असेल.”

तपासणीत तांबीचा दोरा दिसला नाही की हे शब्द येतात. बाई म्हणते, कधी तपासणारेही म्हणतात, आणि दुसरी तांबी बसवली जाते. पहिली मात्र पोटातच असू शकते!

तांबी पडते, हे खरं. दोरा आत ओढला जातो आणि तांबी जागेवरच असते, असंही पुष्कळदा होतं. पण हजारात एखाद-दुसरीच्या बाबतीत ती गर्भाशयाची भिंत भेदून पोटात जाते. सुरुवात बहुधा बसवतानाच होते. अंगावर पाजणाऱ्या आईला हा धोका जास्त. दुखेलच असं नाही. तांब्यामुळे आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटतात. क्वचित ती आतड्यात शिरते, नाहीतर मूत्राशयात, आणि तिथे तिच्यावर खडा धरतो. मग लघवीच्या जळजळीवर गोळ्या चालू राहतात, तांबीची आठवण कुणालाच होत नाही. ती काळजापर्यंत चढते ही भीती मात्र मनातून काढून टाका.

सीमाभागात आणखी एक अडचण. लेक नांदते कागल-गडहिंग्लजला, बाळंतपणाला येते निपाणीला. तांबी बसते कर्नाटकात, पुढची तपासणी महाराष्ट्रात, आणि कार्ड माहेरच्या कपाटात. आयांनो, बाळंतविड्याबरोबर ते कार्डही पाठवा. तांबी कोणती, कधी बसवली, हे तिकडच्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.

दोरा लागला नाही तर आधी दिवस गेलेले नाहीत ना, याची चाचणी. मग सोनोग्राफी. तीत गर्भाशय रिकामं दिसलं तर तिथे थांबू नका, पूर्ण पोटाचा साधा एक्स-रे मागा. तांबी त्यात स्पष्ट दिसते. त्यातही नसेल, तरच ती पडली म्हणायचं. पोटात सापडली तर बहुतेक वेळा दुर्बिणीतून काढता येते. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं बेळगावात आहेत, कोल्हापुरातही आहेत. तपास पुरा होईपर्यंत निरोध वापरा, कारण जागा सोडलेली तांबी दिवस राहणं थांबवेल याचा भरवसा नाही.