वसाहती सुटल्या, पण सुटले कोण?

(कल्याण तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण)



साम्राज्यातून वसाहती कशा फुटून निघाल्या हे सहावी ते आठवीच्या मुलांस कसे शिकवावे, हा विषय आज मजकडे आला आहे. ह्या पाठाची आपल्याकडे ठरीव तऱ्हा आहे. तेरा वसाहती, स्टँपाचा कर, चहाच्या पेट्या, १७७६ चा जाहीरनामा; प्रश्नोत्तरे लिहून घ्या व पाठ करा. मुलगा पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो. त्यात त्याचा काय दोष? ज्या गोष्टीचा आपल्या गावाशी काडीचाही संबंध नाही असे त्यास वाटते, ती त्याने डोक्यात का वागवावी? परंतु माझे म्हणणे असे की, संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे.

प्रथम फळ्यावर दोन रकाने आखा. एकावर ‘अमेरिका’ लिहा व दुसऱ्यावर ‘ठाणे’. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टन बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. पुढच्याच वर्षी, १७७४ च्या डिसेंबर अखेरीस, त्याच कंपनीच्या मुंबईच्या फौजेने ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. तिकडे ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, इकडे १७८० साली इंग्रजांनी आपले कल्याण घेतले. तिकडे १७८१ त यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसने शस्त्रे खाली ठेविली. इकडे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांस परत मिळाली, पण ठाणे व साष्टी इंग्रजांकडेच राहिली. १७८३ त पॅरिसच्या तहाने इंग्रजांनी अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि तोच हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ त गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला! एवढे लिहून झाले म्हणजे वर्गात कोणी ना कोणी विचारतोच, “गुरुजी, तिकडे हरलेला माणूस इकडे राज्य करायला कसा आला?” हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की निम्मा पाठ झाला म्हणून समजा. साम्राज्य म्हणजे एका दुकानाच्या अनेक शाखा. एक बंद पडली तर मालक दुसरीवर जोर काढतो, हे त्यास न सांगता कळते.

दुसरी गोष्ट, वसाहती फुटल्या का? ‘प्रतिनिधित्वावाचून कर नाही’ हे शब्द मुलांच्या डोक्यावरून जातात. त्यांस घरपट्टीचा दाखला द्या. समजा, गावाने घरपट्टी भरावयाची, पण ती किती हे समुद्रापलीकडे बसलेल्या मंडळींनी ठरवावयाचे. त्या मंडळीत आपल्या गावचा एकही माणूस नाही, आणि त्यांस निवडून देण्याचे मत आपल्यास नाही. तर गाव काय करील? अर्ज करील, मग माल घेणे बंद करील, मग आसपासची गावे एकत्र बोलावील आणि शेवटी भांडेल. वसाहतवाल्यांनी ह्याच क्रमाने पावले टाकिली. ते एकट्याच्या बळावर जिंकले असेही मुलांस सांगू नये. फ्रान्सचे सैन्य व आरमार मदतीस आले नसते, तर यॉर्कटाउनचा दिवस उगवणे कठीण होते.

येथवर पुष्कळ शिक्षक येतात आणि थांबतात. खरा पाठ येथून पुढे आहे. मुलांस विचारा, वसाहती सुटल्या हे खरे, पण सुटले कोण? ज्या जाहीरनाम्यात सर्व माणसे जन्मतः समान असल्याचे लिहिले, तो लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत त्याच्या हयातीत सहाशेहून अधिक गुलाम होते. त्या वेळी वसाहतींत सुमारे पाच लाख माणसे गुलामीत होती. राजा गेला, त्यांच्या मानेवरचे जू गेले नाही. ते कायद्याने जाण्यास १८६५ साल उजाडावे लागले. आणि तेथील मूळ रहिवासी, ज्यांची ती जमीन होती, त्यांस तर नव्या राज्याने आणखी पश्चिमेस रेटीत नेले. उलट हैती बेटाकडे पाहा. तेथे १७९१ साली गुलामच उठले, आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी स्वतःचे राज्य जाहीर केले. तेथे वसाहतही सुटली व गुलामही सुटला.

हे सर्व आपल्या जोतीराव फुल्यांनी ओळखले होते. टॉमस पेन हा अमेरिकेच्या लढ्याचा लेखक. त्याचे विचार जोतीरावांनी तरुणपणीच वाचले. पण १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण करताना त्यांनी राजाचा कर झुगारणाऱ्यांची आठवण केली नाही; निग्रो गुलामांस दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस तो अर्पण केला. स्वातंत्र्य कोणते मोजावे हे त्यांनी त्या एका अर्पणपत्रिकेत सांगून ठेविले आहे.

आता हाच प्रश्न ठाण्याच्या रकान्यात लिहा. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला, १७३७ त मराठ्यांनी तो जिंकला, १७७४ त इंग्रजांनी घेतला व पुढे त्याचा तुरुंग केला. आजही तो ठाण्याचा मध्यवर्ती कारागृहच आहे. एकाच भिंतीने तीन धनी पाहिले. आतला बंदी बंदीच राहिला. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघरमधील, वारली बांधवांची गोष्ट ह्याच प्रकारची. लग्नासाठी सावकाराचे चार पैसे घेतले की नवराबायको त्याचे ‘लग्नगडी’ होत आणि फुकट राबत. जानेवारी १९४५ मध्ये आपल्याच तालुक्यातील टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तीस काही वारली आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारल्यांनी ठरविले की वेठ करावयाची नाही आणि रोजाचे बारा आणे घेतल्याशिवाय जमीनदाराचे शेत कसावयाचे नाही. इंग्रज गेला १९४७ त, पण लग्नगड्याचे जू ह्या लोकांनी त्याच्या आधी स्वतः उतरविण्यास घेतले. राज्यघटनेने १९५० त वेठबिगारीस बंदी केली, तरी वेठबिगार निर्मूलनाचा कायदा व्हावयास १९७६ साल लागले; अमेरिकेच्या जाहीरनाम्यास बरोबर दोनशे वर्षे झाली होती. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

कोणी म्हणेल, मास्तर, अशाने मुलांच्या मनातून १७७६ चे आणि १९४७ चेही मोल उतरेल. तसे होत नाही. तो जाहीरनामा लबाडी होती असे मुलांस मुळीच सांगू नका. ते अर्धे राहिलेले काम होते असे सांगा. समतेचे शब्द एकदा कागदावर उतरले, म्हणजे ज्यांस वगळले तेच लोक तो कागद हाती घेऊन दाराशी उभे राहतात. गुलामांनी तेच केले, बायकांनी तेच केले. परका राजा गेल्यावाचून पुढचे काम सुरूच होत नाही. परंतु तो गेला म्हणजे काम संपले, असेही नाही.

बंधूंनो, आपल्या वर्गात दिवाळीनंतर काही जागा रिकाम्या होतात. बयाणा घेतलेल्या आईबापांबरोबर ती पोरे वीटभट्टीवर जातात. म्हणून हा पाठ दिवाळीपूर्वी घ्या, आणि त्या पोरांस पुढच्या बाकावर बसवून घ्या. प्रत्येक क्रांतीपाशी तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांस लावा: कोण उठले? कोणाविरुद्ध उठले? आणि उठून झाल्यावर खाली कोण राहिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भट्टीवरचे पोर आपल्याहून आधी देईल. ते उत्तर द्यावयास ते वर्गात असावे, म्हणून पाठ संपल्यावर त्याच्या घरी जाऊन आईबापांशी बोला, मुलास मागे ठेवण्याची काय सोय होते ते पाहा, आणि भट्टीवर गेलेच तर तेथील जवळच्या शाळेत त्याचे नाव लावून द्या. एवढे केले तरच आपण हा पाठ शिकविला असे म्हणता येईल.