तांब्याच्या डोंगरातील पाषाण

(ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपण तांबट. पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या पत्र्यावर हातोडी चालविणे हा आपला कुलधर्म. परंतु तो पत्रा बाजारात येण्यापूर्वी कोठे होता, या प्रश्नाचा विचार आपल्या आळीत फारसा कोणी केलेला दिसत नाही. कार्यकारी मंडळाने मला विषय निवडण्याची मुभा दिली, तेव्हा हाच विषय आपणापुढे मांडावा असे मी ठरविले.

आपल्या गोंदिया जिल्ह्याला लागून मध्यप्रदेशचा बालाघाट जिल्हा आहे. १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्याच प्रांतातील हा मुलूख. तेथे मलाजखंड या गावी भारतातील सर्वांत मोठी उघडी ताम्रखाण आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीने १९८२ साली तो प्रकल्प सुरू केला. डोंगर वरून पायऱ्यापायऱ्यांनी कापीत प्रचंड खड्डा खोल नेण्यात आला. पुढे त्याच्याखाली भुयारी खाणकामही हाती घेण्यात आले. तेथील ताम्रखनिज ग्रॅनाइटमधील गारेच्या शिरांत सापडते व त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आहे. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण अवघा ६.६ कोटी वर्षांचा, हे लक्षात घेतले म्हणजे त्या खनिजाच्या प्राचीनतेची कल्पना येईल.

आता समोरच्या मेजावर मांडलेले हे नमुने पाहा. पहिला पिवळा, पितळेसारखा चमकणारा दगड म्हणजे कॅल्कोपायराइट. आपले वैद्य ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात तो हाच. त्यात तांबे, लोह आणि गंधक असून तांब्याचा अंश सुमारे ३४ टक्के असतो. मलाजखंडचे मुख्य खनिज हेच होय. शेजारचा फिकट पिवळा दगड पायराइट. त्यात तांबे नाही, केवळ लोह व गंधक. दोघांतील भेद ओळखण्याची युक्ती सोपी आहे. चाकूच्या टोकाने कॅल्कोपायराइटवर चरा उमटतो, पायराइटवर उमटत नाही. तिसरा बोर्नाइट. हवा लागताच त्यावर मोराच्या पिसाऱ्यासारखे निळे-जांभळे रंग चढतात, आणि त्यात तांबे ६३ टक्के. हा राखी, मऊ, कागदावर शिसपेन्सिलीसारखी रेघ ओढणारा मॉलिब्डेनाइट. त्यातील धातू पोलादाला बळकटी देण्याच्या कामी येतो.

हा हिरवा मॅलॅकाइट पाहून मात्र भगिनींना काही आठवेल. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, आणि ओलसर जागी पडून राहिलेल्या तांब्यावर हिरवट थर धरतो. हवा, पाणी व कर्बवायू यांच्या योगाने तांब्यावर दीर्घकाळाने जो हिरवा थर चढतो, त्याच जातीचा हा पाषाण. आपल्या माजघरात घडते तेच निसर्गाने डोंगराच्या माथ्यावर युगानुयुगे घडविले.

ते असे : पावसाचे पाणी पायराइटमध्ये मुरले की गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल दगडातील तांबे विरघळवून मोरचुदाच्या रूपाने खाली नेते. वर उरतो तो लोहाचा तांबूस गंज. काही तांबे वाटेतच मॅलॅकाइट, निळे ॲझुराइट किंवा लाल क्युप्राइट होऊन थांबते. उरलेले भूजलाच्या पातळीशी पोहोचून तेथे कॅल्कोसाइट नावाचे काळसर खनिज बनते. त्यात तांबे जवळजवळ ८० टक्के. पूर्वीचे खाणकामकरी डोंगरावरील हिरवे डाग पाहून धातूचा माग काढीत, त्याचे कारण हेच.

तथापि, हे समृद्ध पाषाण थोडे असतात. एकंदर खनिज दगडात तांब्याचे प्रमाण टक्क्याच्या आसपासच असते. म्हणजे ५ किलोची एक घागर घडवावयाची, तर सुमारे ५ क्विंटल दगड फोडून, दळून, फेसाच्या पाण्यात घुसळून त्यातून धातूचे कण वेगळे काढावे लागतात. वरून उपसलेला निरुपयोगी मुरूम-दगड निराळाच. आणि जे गंधकाम्ल डोंगरात संथपणे काम करीत होते, तेच उघड्यावर टाकलेल्या दगडाच्या ढिगांतून व दळलेल्या गाळातून वेगाने पाझरू लागते. चुना घालून ते शमविले नाही, बांध नीट राखले नाहीत, तर ओढे नासतात, शेते नासतात. घागर आपल्या घरी येते. तिची ही किंमत मात्र तेथील आदिवासी शेतकऱ्याच्या दारात पडू शकते. तांब्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांनी तरी हे विसरता कामा नये.

आज घरोघरची जुनी घंगाळे, बंब, हंडे वजनावर मोडीत जात आहेत. तांबे कितीही वेळा वितळविले तरी त्याचा गुण जात नाही, ही गोष्ट खरी. तेव्हा मोड वाया जात नाही. परंतु जे भांडे डाग देऊन, ठोकून, कल्हई करून आणखी पन्नास वर्षे चालेल, ते भट्टीत घालणे शहाणपणाचे नव्हे. दुरुस्ती हे कमी प्रतीचे काम आहे, असे आपल्यातील काही तरुणांना वाटते. माझे म्हणणे उलट आहे. जो कारागीर एक घागर वाचवितो, तो पाच क्विंटल डोंगर वाचवितो. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याइतके ज्ञान मात्र त्याच्याजवळ पाहिजे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझ्या दोन नम्र सूचना आहेत. ज्ञातीच्या शिष्यवृत्त्यांपैकी एक भूशास्त्र अथवा धातुशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नसावा. आणि आपल्या विद्यार्थिवसतिगृहात काचेचे एक कपाट करून त्यात हे पाषाण नावानिशी मांडावेत. मेजावरील सर्व नमुने मी त्या कपाटासाठी आजच संस्थेच्या स्वाधीन करीत आहे.