वजनाचा काटा आणि क्षयरोग

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



मोदकांच्या दिवसांत डॉक्टरला वजनावर बोलायला उभं करायचं, म्हणजे मंडळाने धाडसच केलं! पण घाबरू नका. आज मी वाढलेल्या वजनावर नाही, कमी वजनावर बोलणार आहे.

आपल्या पूर्वजांनी या रोगाला 'क्षय' म्हटलं. क्षय म्हणजे झीज. क्षयाने माणूस खंगतो, हे आपण सारे जाणतो. पण याची दुसरी बाजू फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याचं वजन आधीपासूनच कमी आहे, त्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो.

क्षयाचे जंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की लगेच रोग होतो, असं नाही. शरीरातल्या संरक्षक पेशी त्यांना घेरून डांबून ठेवतात. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाच-दहा जणांनाच पुढे कधीतरी रोग होतो. पहारा ढिला पडला की जंतू उठतात. आणि पहारेकरीच उपाशी असतील, तर पहारा कसा राहणार?

घरी गेल्यावर एक हिशेब करा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. हा झाला बीएमआय. तो १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाचं वजन निदान ४७ किलो हवं. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१० साली असं दिसलं, की बीएमआय एका अंकाने वाढला की क्षयाचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. म्हणून लठ्ठ व्हा, असं मात्र नाही. लठ्ठपणातून मधुमेह येतो आणि मधुमेह क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट करतो.

आता आम्हा डॉक्टरांच्या चुकीविषयी. १९५९ साली मद्रासचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये उत्तम आहारासह ठेवलं, काहींना त्यांच्याच गरीब वस्तीत, साध्या जेवणावर औषधं दिली. दोन्हीकडचे रुग्ण जवळजवळ सारखेच बरे झाले. घरी राहून क्षय बरा होतो, हा त्यातला फार मोठा धडा. पण आम्ही त्यातून आणखी एक धडा घेतला, की आहाराकडे फारसं पाहायला नको. तो चुकीचा होता.

माझाच अनुभव सांगतो. ठेकेदाराकडे काम करणारा एक मजूर माझ्याकडे आला. औषधांनी बरा झाला, कामावर गेला. मी समाधानी. दोन वर्षांनी त्याची बायको खोकत आली. वजन अवघं ३६ किलो. तो आजारी असताना ती बाहेर बाकावर बसलेली असायची. तिला काट्यावर उभं करावं, असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

असं काट्यावर उभं करून पाहण्याचं काम पुढे आपल्याच झारखंडात झालं. २०१९ पासून डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास केला. पाचांपैकी चार रुग्ण कमी वजनाचे होते. धान्य सगळ्या रुग्णांना दिलं. पण निम्म्या गटात घरच्यांनाही. मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ साली निष्कर्ष आले. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

बंधू-भगिनींनो, ही कुठली नवी लस नव्हे. हा तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातला वरणभात आहे!

तेव्हा तीन गोष्टी घरी घेऊन जा. पहिली : काही न करता वजन उतरत असेल, तर "अगं, किती बारीक झालीस, छान!" म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दुसरी : घरात एकाला क्षय झाला तर सगळ्यांची तपासणी करा, सगळ्यांचं वजन करा. तिसरी : आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाई, ड्रायव्हर, कॅन्टीनमधली पोरं यांच्याकडेही त्याच नजरेने पाहा. आजार कळला म्हणून कामावरून काढू नका. नियमित औषधं सुरू झाली की संसर्गाची भीती लवकरच ओसरते.

रुग्णाला सरकारकडून आहारासाठी २०१८ पासून महिना पाचशे रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. शिवाय २०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन कुणीही व्यक्ती वा संस्था रुग्णाला धान्य देऊ शकते. आपला महाप्रसाद दरवर्षी दणक्यात होतो. त्यातला थोडा वाटा बाजूला ठेवून मंडळाने दोन-चार कुटुंबांचं सहा महिन्यांचं धान्य उचलावं, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. पहिल्या कुटुंबाचा खर्च माझ्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!