आपल्या फोटोची निगेटिव्ह कुणाकडे?

(महिला समुपदेशन केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत या सत्राचे नाव 'मोबाइल प्रशिक्षण' असे छापले आहे. जेवणानंतरचे सत्र आणि विषय मोबाइलचा, म्हणजे जरा डोळा लागला तरी चालेल असे काहीजणींना वाटत असेल. पण विषय बटणांपुरता नाही. आपल्याकडे येणाऱ्या बाईचा जीव, तिची केस आणि आपल्यावरचा तिचा विश्वास या तिन्हींशी त्याचा संबंध आहे, म्हणून थोडे सावरून बसा.

तुमच्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना १९९४ सालचे जळगावचे प्रकरण आठवत असेल. अत्याचार करून, फोटो काढून, त्या फोटोंच्या धाकाने मुलींना गप्प ठेवले गेले होते. त्या काळी फोटो म्हटला की रोल आला, तो धुवायला स्टुडिओ आला आणि निगेटिव्ह आली. बाईला पहिली भीती असायची ती निगेटिव्हची. फोटो फाडून टाकता येतो, पण निगेटिव्ह कुणाकडे आहे? ती असेपर्यंत सुटका नाही.

आज रोल गेला, स्टुडिओ गेला. फोटो बाई स्वतःच काढते, स्वतःच्या हातातल्या फोनवर. त्यामुळे तिला वाटते की तो तिच्यापाशीच आहे. पण निगेटिव्ह गेलेली नाही. ती आता आपोआप निघते आणि आपल्याला न विचारता दुसरीकडे जाऊन बसते. तिला 'बॅकअप' म्हणतात.

हे कसे होते ते आधी समजून घेऊ. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'गूगल फोटोज' नावाचे अ‍ॅप आधीपासून असते. फोन पहिल्यांदा सुरू करताना तो दोन-चार प्रश्न विचारतो आणि दुकानदार किंवा घरातला मुलगा भराभर 'हो, हो' दाबत जातो. त्यातल्याच एका 'हो'ने बॅकअप चालू होतो. मग इंटरनेट मिळाले, की काढलेल्या फोटोची एक प्रत कंपनीच्या संगणकांवर जाते. त्याला 'क्लाउड' म्हणतात, पण आभाळात काही नसते. मोठमोठ्या इमारतींत ठेवलेले संगणक असतात, इतकेच. आयफोनमध्ये हेच काम 'आयक्लाउड' करते.

आता मुख्य मुद्दा. ही प्रत फोनच्या नावाने साठत नाही, ती खात्याच्या नावाने साठते. खाते म्हणजे ई-मेल पत्ता आणि पासवर्ड. ज्याच्याजवळ ते खाते, त्याला ते फोटो. तो शेजारच्या खोलीत असो नाहीतर दुबईत, त्याच्या फोनवर तेच खाते चालू असेल तर बायकोने काढलेला फोटो त्याला दिसतो.

आपल्या चळवळीने अनेक वर्षे एक प्रश्न विचारला. घर कुणाच्या नावावर? सातबारा कुणाच्या नावावर? बाई राबते त्या शेताच्या उताऱ्यावर तिचे नाव का नाही? आज त्याच प्रश्नाची पुढची ओळ अशी आहे, की फोन तिच्या हातात असेल, पण खाते कुणाच्या नावावर?

आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांना मी हे विचारते. उत्तरे ऐका. 'खाते म्हणजे काय ताई?' 'यांनीच करून दिलंय.' 'भाच्याने त्याचाच मेल टाकलाय, माझा नव्हता ना.' 'पासवर्ड पोराला माहीत आहे.' या उत्तरांत बाईचा अडाणीपणा नाही. तिच्या हातात वस्तू द्यायची आणि मालकी आपल्याकडे ठेवायची, ही जुनीच रीत आहे.

याचे परिणाम काय होतात, ते तीन उदाहरणांनी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिली बाई. मार खाल्ल्यावर तिने न्हाणीघरात जाऊन दंडावरच्या वळांचे फोटो काढले. पुरावा ठेवा, असे आपणच शिबिरांतून सांगतो, तसे तिने केले. फोन नवऱ्याने घेतलेला, खाते त्याचे. संध्याकाळी तो घरी आला तो हेच विचारत, 'फोटो कुणाला दाखवणार आहेस?' त्या रात्री तिला दुसऱ्यांदा मार बसला, आणि तो पुरावा जमवल्याबद्दल होता.

दुसरी बाई निवारागृहात होती. पत्ता कुणालाही सांगितलेला नव्हता. मुलीचा वाढदिवस आला, तिने अंगणात मुलीचा फोटो काढला. कॅमेऱ्यातली 'लोकेशन'ची सोय चालू होती. अशा फोटोबरोबर वेळ आणि ठिकाण दोन्ही नोंदवले जाते. फोटो नवऱ्याच्या खात्यात गेला आणि त्याबरोबर पत्ताही गेला. सुदैवाने पाहुण्यांच्या बोलण्यातून आम्हाला आधी कळले आणि तिला हलवता आले.

तिसरे उदाहरण एका कार्यकर्तीचे. तक्रारीच्या प्रती, जखमी मुलीचे फोटो, दवाखान्याचे कागद, सगळे तिच्या फोनमध्ये. खाते घरच्यांचे एकत्र. एके दिवशी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर 'जुन्या आठवणी' म्हणून सहलीच्या फोटोंच्या रांगेत त्या मुलीचा फोटो आला. घरात पाहुणे बसले होते. त्या मुलीने आपल्याला फोटो काढू दिला होता. टीव्हीवर दाखवायची परवानगी तिने दिली नव्हती.

एवढे ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग आत्ताच्या आत्ता बॅकअप बंद करून टाकू. थांबा. घाई करू नका. बाईच्या फोनला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी तिच्याशी बोलून घ्यायच्या.

एक, हे खाते आणखी कोण वापरते? दोन, फोटो येणे बंद झाले तर ते कुणाच्या लक्षात येईल, आणि आल्यावर तो काय करील? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रोज बायकोचे फोटो तपासणारा माणूस ते यायचे थांबले की चवताळतो. पासवर्ड बदलला तर सूचना खात्याला जोडलेल्या दुसऱ्या पत्त्यावर किंवा फोनवर जाऊ शकते, आणि तो बहुधा त्याचाच असतो. बाई अजून त्याच घरात राहत असेल, तर काही दिवस बॅकअप चालू ठेवून जखमांचे फोटो विश्वासातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर काढणे जास्त सुरक्षित असते. निर्णय तिचा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात स्वयंनिर्णयाचे तत्त्व आपण पाठ करतो, ते इथे वापरायचे.

आणि तीन, या फोटोंची दुसरी प्रत आहे का? कारण याला उलटी बाजूही आहे. नवरा रागाच्या भरात फोन आपटून फोडतो, तेव्हा बॅकअपमध्ये राहिलेला फोटोच कामाला येतो. ज्या बाईचे खाते खरोखर तिचे आहे, पासवर्ड फक्त तिला माहीत आहे, तिच्यासाठी बॅकअप हा आधार आहे. तो डोळे मिटून बंद करू नका.

हे तीन प्रश्न झाले आणि बंद करायचे ठरले, तर कृती सोपी आहे. आपापले फोन काढा.

गूगल फोटोज उघडा. वर उजव्या कोपऱ्यात गोल आहे, त्यात तुमचा फोटो किंवा नावाचे पहिले अक्षर असेल. त्यावर बोट ठेवा. जो ई-मेल पत्ता दिसेल तो आधी वाचा, मोठ्याने वाचा. तो तुमचा आहे का? सगळ्या प्रशिक्षणातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. आता 'फोटोज सेटिंग्ज'मध्ये जा, तिथे 'बॅकअप' आहे. आत गेल्यावर एक खटका दिसेल, तो बंद करा. झाले. त्याच सेटिंग्जमध्ये 'पार्टनर शेअरिंग' पाहा. त्यातून एका खात्यातले फोटो दुसऱ्या खात्याला आपोआप दिसत राहतात. तिथे कुणाचे नाव असेल तर तेही विचारपूर्वक काढा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली लोकेशनची सोयही बंद करा.

आयफोन असेल तर सेटिंग्ज उघडा, सर्वांत वर आपले नाव, त्यात आयक्लाउड, त्यात फोटोज. तिथला खटका बंद करायचा. पण आयफोनमध्ये जागा वाचवण्यासाठी पुष्कळदा मूळ फोटो आयक्लाउडवर आणि फोनमध्ये लहान प्रत अशी व्यवस्था असते. म्हणून आधी मूळ फोटो फोनवर उतरवून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा. फोटोजचा खटका बंद केला तरी व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेगेले फोटो त्याच्या बॅकअपमध्ये जात राहतात. तो व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स'खाली सापडेल.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो ती गोष्ट. बंद करणे म्हणजे पुसणे नव्हे. आज बॅकअप बंद केला तर उद्याचे फोटो जाणार नाहीत. पण कालपर्यंत गेलेले तिथेच आहेत, ते वेगळे पुसावे लागतात. आणि पुसताना सावध राहा. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजमधून पुसला की तो खात्यातून जातो, तसा फोनमधूनही जातो. नंतर तो कचरापेटीत ६० दिवस राहतो, आणि खाते ज्याच्याकडे आहे त्याला ती कचरापेटी उघडता येते. म्हणून क्रम ठरवून टाका. आधी पाहा, मग सुरक्षित प्रत करा, मग बंद करा आणि शेवटी पुसा. हा क्रम उलटा झाला तर बाईचा पुरावा आपल्याच हाताने नाहीसा होईल.

पुराव्याचे बोललेच आहे तर हेही सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. मोबाइलमधला फोटो न्यायालयात द्यायचा तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली प्रत साधारणपणे बारीक झालेली असते, तिच्यातली मूळ माहिती गळते. मूळ फोटो जपा, तो कोणत्या फोनवर, कधी काढला हे वहीत लिहून ठेवा. आणि फोटो आहे म्हणून सरकारी दवाखान्यातली तपासणी टाळू नका. डॉक्टरांच्या नोंदीची जागा फोटो घेऊ शकत नाही.

शेवटी थोडे आपल्या संस्थांविषयी. आपल्या केंद्रात केसचे कागद कुलपात असतात. किल्ली कुणाकडे, हे ठरलेले असते. पण त्याच कागदाचा फोटो आपण पाच कार्यकर्त्यांच्या फोनवर पाठवतो आणि त्या पाच फोनच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे कुणालाच माहीत नसते. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. आपल्या हातून तसे अनवधानानेही होता कामा नये. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो हक्क आपल्या केंद्राच्या उंबरठ्याच्या आतही लागू आहे.

मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची एक घटना २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सने छापली होती. एका बापाने आजारी छोट्या मुलाच्या सुजलेल्या अवयवाचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला. तो आपोआप गूगलकडे गेला. तिथल्या यंत्रणेने तो बाललैंगिक शोषणाचा फोटो ठरवला, त्याचे खाते बंद केले आणि पोलीस चौकशी झाली. पोलिसांनी गुन्हा घडलेला नाही असे ठरवले, तरी खाते परत मिळाले नाही. बालअत्याचाराच्या केसमध्ये 'नोंद म्हणून' फोनवर फोटो काढणाऱ्या प्रत्येकीने ही घटना मनात ठेवावी. तो फोटो काढणे हे आपले काम नाही. ते पोलिसांचे आणि डॉक्टरांचे काम आहे.

म्हणून माझी विनंती आहे, की या शिबिरातून परत गेल्यावर प्रत्येक केंद्राने एक बैठक घ्यावी आणि चार गोष्टी ठरवाव्यात. केसचे फोटो संस्थेच्या एकाच फोनवर, संस्थेच्याच खात्यावर राहतील. ते खाते दोघींच्या जबाबदारीत असेल आणि त्यातली एक संस्था सोडून गेली तर त्याच दिवशी पासवर्ड बदलेल. फोटो काढण्यापूर्वी बाईची परवानगी घेताना तो कुठे राहील, कोण पाहील आणि कधी पुसला जाईल हेही तिला सांगितले जाईल. आणि नव्या बाईशी पहिल्या भेटीत बोलताना, घर कुणाच्या नावावर हे विचारतो तिथेच पुढे एक ओळ वाढवायची, 'फोनमधले खाते कुणाचे?'

ती ओळ अर्जाच्या नमुन्यात छापूनच घ्या. आपल्या लक्षात राहील यावर विसंबू नका.

आता चहापूर्वी अर्धा तास आहे. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकमेकींचे फोन उघडा आणि तो ई-मेल पत्ता वाचा. ज्यांना तो ओळखीचा वाटणार नाही, त्यांनी माझ्याकडे या. आपण मिळून बघू.